तीन थाऊ

माझ्या शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये, लेथच्या मागच्या फळीवर, धातूचा एक गोल बार कित्येक आठवडे पडून होता. ते निवृत्त टूल अँड डाय मेकर आहेत आणि हाताशी आलेला धातू न कापता ठेवून देणे त्यांच्या स्वभावात नाही. भंगारातून आणलेल्या तुकड्याचेही त्यांच्याकडे संध्याकाळपर्यंत काही ना काही होऊन जाते. कुणाच्या मॉवरचा बुश, कुणाच्या फाटकाची पिन, गल्लीतल्या एखाद्या मुलाच्या सायकलचा स्पेसर. म्हणूनच तो बार माझ्या डोळ्यांत भरला. एका शनिवारी मी तो उचलून हातावर तोलला आणि याचे काय करणार आहात, असे सहज विचारले. त्यांनी हातातले फडके बाजूला ठेवले आणि नेहमीपेक्षा सावकाश उत्तर दिले. रायफलच्या नळीच्या तोंडाशी बसवायचा, गोळी झाडल्याचा आवाज कमी करणारा सप्रेसर, म्हणजे सायलेन्सर, त्यांना स्वतःच्या हाताने करायचा होता. सरकारकडे अर्ज गेला होता, बोटांचे ठसे गेले होते, फोटो गेला होता, पैसे भरून झाले होते. मंजुरी तेवढी आली नव्हती. "ती येईपर्यंत हा नुसता बार आहे," ते म्हणाले, "मी याला लेथच्या चकमध्ये धरणारसुद्धा नाही."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. ज्या माणसाला त्याच्या गॅरेजमध्ये बघायला कोणी येत नाही, ज्याच्या घरी सगळी हत्यारे आहेत आणि ज्याच्या हातात पन्नास वर्षांचे कसब आहे, तो एका कागदासाठी लोखंडाला हात लावत नाही, याचा मला आदर वाटला. पण तो जे करणार होता त्या वस्तूविषयी माझ्या मनात पहिल्या क्षणी जे दाटून आले ती भीती होती. या दोन्ही भावना तेव्हापासून माझ्याबरोबर आहेत आणि त्यांतली एकही दुसरीला हटवू शकलेली नाही.

आमचे गाव ओहायोतल्या डेटनच्या जवळ आहे. या भागात गॅरेजमध्ये लेथ असणे ही नवलाची गोष्ट नाही. राइट बंधूंच्या विमानाचे इंजिन याच डेटनमध्ये, त्यांच्या सायकलच्या दुकानामागच्या छोट्या वर्कशॉपमध्ये, चार्ली टेलर नावाच्या यंत्रकाराने 1903 साली सुमारे सहा आठवड्यांत तयार केले. त्याच्याकडे मुख्यतः एक लेथ आणि एक ड्रिल प्रेस एवढीच यंत्रे होती. इंजिनाचा क्रँकशाफ्ट त्याने पोलादाच्या सबंध तुकड्यातून भोके पाडून, छिन्नीने जादाचा भाग उडवून आणि मग लेथवर घेऊन काढला. पुढे या शहरात मोठमोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांतले बरेचसे बंदही झाले. डेटनजवळच्या मोरेनचा मोटारींचा कारखाना 2008 च्या डिसेंबरात बंद पडला. कारखाने गेले तशी त्यांची जुनी यंत्रे लिलावात निघाली आणि ज्यांनी आयुष्यभर ती चालवली होती त्यांच्यापैकी काहींनी ती आपापल्या घरी आणली. माझ्या शेजाऱ्यांचा लेथ साउथ बेंडचा आहे. शेजारच्याच इंडियाना राज्यातली ही कंपनी 1906 साली सुरू झाली होती. त्याच्या बेडवरचा मूळचा रंग गेला आहे, पण सरकत्या भागांवर तेलाचा पातळ थर नेहमी असतो आणि टेलस्टॉक बोटाने ढकलला तरी सरकतो.

मला त्या गॅरेजची ओढ लागण्याचे कारण माझे वडील आहेत. अण्णा औंधच्या आयटीआयमधून टर्नरचा ट्रेड करून बाहेर पडले आणि पुढची सगळी नोकरी त्यांनी भोसरीच्या एमआयडीसीत केली. ते रात्री घरी येत तेव्हा त्यांच्या अंगाला कटिंग ऑइलचा वास असे. तो वास साबणाने जात नसे, आणि खिशातून रुमाल काढताना एखादी निळसर झालेली पोलादाची चिप फरशीवर पडे. तापून निळी पडलेली ती वेटोळी मी डबीत जमवत असे. आई ओरडायची, कारण त्यांची धार बोटात घुसते. शेजाऱ्यांच्या लेथवर पहिल्यांदा पोलाद कापले जाताना मी उभा होतो तेव्हा तोच वास आला, पांढऱ्या धुराची तीच बारीक रेघ टूलच्या टोकापासून वर गेली आणि मला क्षणभर बोलवेना.

अण्णा सांगत, मशीन डोळ्यांनी नाही, कानांनी चालवायचे असते. टूल नीट कापत असेल तर एक सलग, भरीव आवाज येतो. धार मेली की तो आवाज घासल्यासारखा होतो, आणि जॉब, म्हणजे कापला जाणारा तुकडा, थरथरू लागला तर डोळ्याला दिसण्याच्या आधी कानाला कळते. शेवटचा कट घेताना माझे शेजारीही रेडिओ बंद करतात. दोघे एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, त्यांची भाषा एक नाही, पण त्या क्षणी मान किंचित कलती करून उभे राहण्याची दोघांची ढब एकच आहे. फरक इतकाच, की शेजारी उजवा कान यंत्राकडे करतात. उजव्या खांद्यावर रायफल लावणाऱ्या माणसाचा डावा कान नळीच्या तोंडाला जास्त जवळ असतो आणि उजवा कान डोक्याच्या आडोशाला राहतो. त्यामुळे नेमबाजांचा डावा कान बहुधा आधी जातो. शेजाऱ्यांचाही तसाच गेला आहे. त्यांच्याशी बोलायचे तर उजव्या बाजूला उभे राहावे लागते, आणि त्यांच्या डाव्या कानात रात्रंदिवस एक बारीक शिट्टी वाजत असते.

अण्णांचे दोन्ही कान गेले आहेत. टर्निंगच्या खात्याला लागूनच पॉवर प्रेसचे खाते होते, मध्ये अर्धी भिंत आणि वर एकच पत्रा. पत्र्याचे ब्लँक कापणाऱ्या त्या प्रेसचा ठोका पाळीभर चालू असे. आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबल ही आपल्याकडच्या कारखान्यांची नियमातली मर्यादा आहे, पण तिथे तो कधी कोणी मोजल्याचे अण्णांना आठवत नाही. माणसे कानात कापसाचे बोळे घालत आणि ते बोळे तेलाने काळे होत. आता मी फोन केला की अण्णा स्पीकरवर ठेवतात, मोबाइल तोंडापाशी आणतात आणि माझे अर्धे बोलणे आई त्यांना पुन्हा सांगते. ज्या कानाने त्यांनी आयुष्यभर टूलची धार ओळखली तो कान कारखान्यानेच संपवला. आतल्या कानातल्या ध्वनी टिपणाऱ्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी त्या पत्र्याच्या छपराविषयीचा माझा राग वयाबरोबर कमी झालेला नाही.

म्हणून शेजाऱ्यांनी जेव्हा सांगितले, "उरलेला एक कान वाचवायचा आहे," तेव्हा त्यांच्याशी वाद घालण्याची माझी इच्छा उरली नाही.

आवाजाचे गणित समजून घेतले की त्यांचे म्हणणे अधिक पटते. रायफलच्या बाराचा आवाज नळीच्या तोंडाशी साधारण 160 ते 170 डेसिबलच्या घरात असतो. क्षणिक आवाजासाठी 140 डेसिबल ही धोक्याची रेषा मानली जाते. तिच्या पलीकडचा एकच आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो. आपल्याकडे दिवाळीच्या फटाक्यांना, फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबल ही मर्यादा आहे, म्हणजे सुतळी बॉम्बने दचकणाऱ्याला बंदूक किती पुढची गोष्ट आहे याचा अंदाज यावा. सप्रेसर या आवाजातून साधारण 20 ते 35 डेसिबल कमी करतो. डेसिबलची पट्टी अशी आहे की 30 डेसिबल उतरणे म्हणजे ध्वनीची तीव्रता हजार पटींनी कमी होणे. आणि तरीही जे उरते ते 130 किंवा 140 च्या आसपासचेच असते. चित्रपटात ऐकू येतो तसा हलका फुस्स आवाज प्रत्यक्षात रायफलमधून येत नाही. तापलेला, दाबाखालचा वायू नळीतून एकदम बाहेर फुटण्याऐवजी आतल्या कप्प्यांमध्ये रेंगाळतो, पसरतो, थोडा निवतो आणि मग बाहेर पडतो. एवढेच त्या वस्तूचे काम आहे. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो आणि रायफलची गोळी बहुधा त्याच्या दुपटीहून वेगाने जाते. त्यामुळे हवा फाडत जाताना गोळीचा स्वतःचा जो कडाका उठतो, त्याला नळीवरची कोणतीही वस्तू आवर घालू शकत नाही.

मंजुरी आली, काम झाले, आणि पुढे थंडीच्या सुरुवातीला त्यांनी मला आपल्या नातलगांच्या शेतावर नेले. मका कापून झाला होता, जमिनीवर खुंट उभे होते आणि शेताच्या टोकाला मातीचा उंच बांध होता. आधी त्यांनी सप्रेसर न लावता एक बार काढला. कानांवर मफ होते, तरी तो आवाज मला छातीच्या पिंजऱ्यात बसल्यासारखा जाणवला आणि पलीकडच्या झाडांवरचे कावळे उठले. मग त्यांनी तो वितभर लांबीचा राखाडी तुकडा नळीवर फिरवून बसवला आणि पुन्हा बार काढला. या वेळी छातीत काही लागले नाही. गोळीचा कडाका शेतावरून दूर पळत गेला आणि झाडांच्या रांगेवरून परत आला; त्याच्यामागून मला बोल्ट मागे ओढल्याची खट् आणि रिकामी पितळी पुंगळी फळीवर पडून घरंगळल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. ते एवढे बारीक आवाज इतक्या मोठ्या आवाजाला लागून ऐकू येतात, हेच मला विलक्षण वाटले. शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर मात्र नेमबाजाचा आनंद नव्हता. त्यांनी तुकडा थंड होईपर्यंत वाट पाहिली, काढला, आतून प्रकाशाकडे धरून पाहिला आणि बोटाने कडा चाचपली. जॉब तपासताना अण्णा असेच करीत.

या वस्तूचा इतिहासही एका बापाच्या आणि मुलाच्या कानांशी जोडलेला आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात जन्मलेल्या हायरम स्टीव्हन्स मॅक्झिमने लंडनमध्ये 1884 च्या सुमारास पहिली पूर्णपणे स्वयंचलित मशीनगन तयार केली. मिनिटाला सुमारे 600 गोळ्या झाडणाऱ्या त्या बंदुकीने जगभर काय केले ते इतिहासात आहे. 1904 साली ब्रिटिश भारतातून तिबेटवर गेलेल्या फौजेनेही गुरू गावाजवळ ती निःशस्त्रप्राय माणसांवर चालवली. आयुष्यभर आपल्या बंदुकांशेजारी उभे राहून त्याचे स्वतःचे कानही जवळजवळ संपूर्ण गेले. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम लहानपणीच बापापासून दुरावला, अमेरिकेतच वाढला, एमआयटीतून शिकला आणि कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला मोटारींच्या कामात पडला. 1909 च्या मार्चमध्ये त्याला बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळाले. न्हाणीच्या टबातले पाणी भोवरा करत, आवाज न करता निथळताना पाहून त्याला ती कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्याच काळात इंजिनाच्या धुराड्यांचा आवाज कमी करण्याच्या कामातही तो होता, आणि मोटारीच्या मफलरमागचा विचार नि सायलेन्सरमागचा विचार हे एकाच घरातले आहेत. त्याच्या कंपनीचा सायलेन्सर तेव्हा दुकानात आणि टपालाने सर्रास मिळे. थिओडोर रूझवेल्टनेही आपल्या विंचेस्टर रायफलीवर तो बसवला होता. पुढे कंपनीने बंदुकीचे काम सोडून कारखान्यांच्या यंत्रांचे आवाज कमी करण्याकडे मोर्चा वळवला, तर हायरम पर्सी हौशी रेडिओवाल्यांची जी संघटना त्याने 1914 साली सहकाऱ्याबरोबर उभी केली होती तिच्यात रमला. माणसांनी एकमेकांना दुरून ऐकावे यासाठी त्याने उत्तरायुष्य घालवले. बापाने केलेल्या आवाजाविषयी मुलाला काय वाटत होते, हा प्रश्न मला त्याच्या पेटंटच्या चित्रांपेक्षा अधिक ओढून घेतो, आणि त्यात माझे स्वतःचे काहीतरी गुंतलेले आहे हे मी जाणतो.

मग 1934 साल आले. दारूबंदीच्या वर्षांतल्या टोळीयुद्धांनी हादरलेल्या अमेरिकेने नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट केला. मशीनगन, नळी तोडून आखूड केलेल्या बंदुका आणि सायलेन्सर यांच्यावर बंदी न घालता प्रत्येक वस्तूमागे 200 डॉलरचा कर आणि सरकारदरबारी नोंद सक्तीची केली. त्या काळी 200 डॉलर म्हणजे सामान्य कामगाराची सुमारे दोन महिन्यांची कमाई होती. कर इतका भारी होता की तो बंदीसारखाच लागू पडला. रक्कम पुढे नव्वद वर्षे तशीच राहिली आणि महागाईने तिचे ओझे आपोआप उतरवले. स्वतः करणाऱ्याला फॉर्म 1 भरावा लागतो. ठसे, फोटो, पार्श्वभूमीची तपासणी, स्थानिक पोलीसप्रमुखाला अर्जाची प्रत. आणि मंजुरी हातात येण्याआधी कामाला सुरुवात केली तर 10 वर्षांपर्यंतचा तुरुंगवास होऊ शकतो. कायद्याच्या नजरेत सप्रेसर स्वतःच एक बंदूक आहे, आणि तो करण्याच्या हेतूने घडवलेला आतला सुटा भागही तसाच मोजला जातो. फळीवरचा तो बार चकमध्ये न धरण्यामागे हे सगळे होते. शेजाऱ्यांनी 200 डॉलर भरले होते. 1 जानेवारी 2026 पासून सप्रेसरवरचा तो कर शून्य झाला. नोंदणी मात्र अजून आहे, आणि कर गेला तर नोंदणी तरी कशाला, असे म्हणणारे दावे न्यायालयांत दाखल झाले आहेत.

नोंदणी राहावी असे मला मनापासून वाटते.

हे मी एखादे राजकीय मत म्हणून म्हणत नाही. गॅरेजमध्ये एका संध्याकाळी जे पाहिले त्यावरून म्हणतो. मंजुरी आल्यावर, वस्तू पूर्ण होताना, तिच्या अंगावर करणाऱ्याचे नाव, गाव, राज्य आणि अनुक्रमांक कोरावा लागतो. अक्षरांची खोली किमान 0.003 इंच असावी आणि अनुक्रमांकाची उंची किमान एक षोडशांश इंच असावी, असा नियम आहे. म्हणजे तीन थाऊ, इंचाचे तीन हजारांश, खोल. शॉपफ्लोअरवर वाढलेल्या माणसाला थाऊ हे माप वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अण्णा जेवताना आमटीच्या पातळपणाविषयी बोलावे इतक्या सहज दोन थाऊ, चार थाऊ बोलत. शेजाऱ्यांनी ते कोरकाम बाहेर दिले नाही. जुन्या पँटोग्राफवर पितळेच्या अक्षरांच्या पट्ट्या लावून, सुईच्या टोकाचे कटर बसवून, आधी भंगार तुकड्यावर आणि मग वस्तूवर त्यांनी स्वतःचे नाव उमटवले. कटरच्या मागे केसासारखी चकाकणारी रेघ उठे, ते ब्रशने चुरा झटकत आणि भिंग लावून पाहत. आडनावातल्या एका अक्षराची तळरेघ उथळ दिसली म्हणून त्यांनी तेवढीच पुन्हा घेतली.

मला त्या वेळी तुळशीबागेतले भांड्यांचे दुकान आठवले. दुकानाच्या पायरीपाशी विजेची सुई घेऊन बसलेला माणूस, त्याच्या सुईची कर्कश भुणभुण, आणि स्टीलच्या डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी उगवत जाणारे आमचे आडनाव. भांड्यावर नाव असते ते भांडे शेजारी गेले तर परत यावे म्हणून. वस्तू फिरते, हात बदलतात, पण ती कुणाच्या घरची हे तिच्या अंगावर असते. अण्णांनी उभ्या आयुष्यात टर्न केलेल्या हजारो बुशिंगांवर आणि शाफ्टांवर कुठेही त्यांचे नाव नाही. ती कुठल्या ट्रकमध्ये, कुठल्या पंपात फिरत असतील कुणास ठाऊक. शेजाऱ्यांनाही कारखान्यात हेच आले. त्यांनी केलेल्या डायमधून निघालेल्या पत्र्यावर कंपनीचे नाव असे. पन्नास वर्षे धातू कापल्यावर या एका वस्तूवर त्यांचे नाव आले, आणि तेही कायद्याने सक्ती केली म्हणून. ते मला म्हणाले की नाव घालायचे आहे हे माहीत असल्यामुळे काम अधिक जपून झाले. मी त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवतो. ज्याला आपले नाव आणि गाव तीन थाऊ खोल कोरायला हरकत नाही, त्याच्या हातातल्या वस्तूची मला कमी भीती वाटते.

कमी वाटते, वाटत नाही असे नाही. 31 मे 2019 रोजी व्हर्जिनिया बीच शहराच्या नगरपालिकेच्या इमारतीत एका कर्मचाऱ्याने 12 माणसे मारली. त्याच्या एका पिस्तुलाला सप्रेसर होता आणि तो कायदेशीर मार्गाने घेतलेला होता. आवाज कशाचा आहे हे आत असलेल्यांपैकी काहींना लगेच ओळखता आले नाही, असे नंतर पुढे आले. डिसेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका विमा कंपनीच्या प्रमुखाची हत्या झाली, तिच्या चित्रफितीतल्या पिस्तुलालाही सप्रेसर दिसतो, आणि न्यूयॉर्क राज्यात तर तो बाळगायलाच बंदी आहे. बंदुकीचा आवाज कानाचा शत्रू आहे, हे खरेच. पण तो पळून जा असे सांगणारा एकमेव इशाराही आहे. झाडणाऱ्याचा कान वाचवताना समोरच्याचा इशारा आपण किती बोथट करतो, याचे उत्तर शेतावरच्या त्या दुपारी मला मिळाले नाही. मातीच्या बांधावर कागद लावलेला होता आणि आम्हा दोघांशिवाय तिथे कोणी नव्हते. मी शेजाऱ्यांना हे बोलून दाखवले. त्यांनी त्यावर बचाव मांडला नाही. नॉर्वे आणि फिनलंडमध्ये शिकाऱ्याने सप्रेसर लावणे हा शेजारधर्म समजला जातो, असे ते एकदा म्हणाले होते. त्या दिवशी मात्र त्यांनी ते पुन्हा सांगितले नाही. "मी माझ्यापुरते एवढेच करू शकतो, की ती कुठे आहे हे मला रोज ठाऊक असेल," एवढे म्हणून त्यांनी वस्तू तिजोरीत ठेवली.

अण्णांना मी हे सगळे फोनवर सांगितले, आईच्या मदतीने. त्यांचा पहिला प्रश्न मशीनविषयी होता: बेड केवढा, स्पिंडलला रनआउट, म्हणजे फिरताना डगमग, किती. दुसरा प्रश्न त्यांनी थोड्या वेळाने विचारला. "आपल्याकडं असं केलं तर रे?" मी त्यांना सांगितले की आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यातही बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारे साधन हे अग्निशस्त्रच धरले आहे, आणि परवान्याशिवाय ते घडवणे हा गुन्हा आहे; हौसेने अर्ज करून घरच्या लेथवर ते करण्याची अशी वाट आपल्याकडे नाही. "नसू दे," अण्णा म्हणाले. मग म्हणाले, "पण त्या प्रेसवर असलं काहीतरी बसवायला पायजे होतं कुणीतरी." आईने हे वाक्य मला पुन्हा सांगितले, कारण तिला वाटले मला ऐकू आले नसेल. मला ऐकू आले होते. भोसरीच्या त्या पत्र्याखाली शंभर माणसांचे कान जात होते आणि आवाज कमी करण्याची विद्या तेव्हा जगात अर्धशतकाहून जुनी झाली होती. ती बंदुकीला लागली, मोटारीच्या धुराड्याला लागली, आणि अण्णांच्या खात्याच्या अर्ध्या भिंतीपर्यंत मात्र आली नाही, कारण तिथे तिचा खर्च कुणाला करायचा नव्हता.

शेजारी आता थकले आहेत. त्यांची मुलगी कॅलिफोर्नियात असते आणि तिथे सामान्य नागरिकाला सप्रेसर बाळगता येत नाही; अमेरिकेत अशी आठ राज्ये आहेत. वारसाला तो कराशिवाय नावावर करून देण्याची सोय कायद्यात आहे, पण तिच्या राज्यात ती सोय निरुपयोगी ठरते. त्यांनी वकिलाकडून लिहून ठेवले आहे की आपल्यानंतर वस्तू परवानाधारक विक्रेत्याकडे जावी किंवा रीतसर नष्ट करावी. त्याआधी त्यांनी मला विचारले होते की तुला हवी आहे का, तुझ्या नावावर करता येईल. मी दोन दिवस विचार केला आणि नको म्हणालो. त्यांना वाईट वाटले असेल, पण त्यांनी तसे दाखवले नाही. ती वस्तू उत्तम आहे. तिच्या आतल्या भागांची कडा मी बोटाने चाचपली आहे आणि कुठेही बर, म्हणजे कापताना राहणारी खरखर, लागत नाही. अण्णांनी ती हातात घेतली असती तर मान डोलावली असती. पण तिच्यावर दुसऱ्याचे नाव आहे आणि तिच्याविषयीची जी शंका त्यांनी स्वतःच्या आयुष्याने उत्तर देऊन मिटवली आहे, ती माझ्यासाठी मिटलेली नाही.

लेथ मात्र मला हवा आहे, हे मी त्यांना सांगून टाकले. त्यावर ते बराच वेळ बोलत राहिले. वजन अर्ध्या टनाच्या आसपास असल्यामुळे तो हलवायचा कसा, बेड आणि हेडस्टॉक वेगळे करावेत की नाही, माझ्या गॅरेजच्या फरशीचा उतार दरवाजाच्या बाजूला आहे त्याचे काय, लेव्हल करायला आठवडाभर का थांबावे लागते. अण्णांनी फोनवरून तिसरीच सूचना केली आहे: आधी खाली चारही कोपऱ्यांना जाड रबराचे पॅड घाल, म्हणजे वर घरात आवाज जाणार नाही, आणि तू स्वतः कानाला मफ लावल्याशिवाय स्विच दाबू नकोस. पॅड मी मागवले आहेत.